आठ सोनेरी, एक काळा

घरातील काचेच्या टाकीत नऊ मासे असावेत, त्यांपैकी आठ सोनेरी आणि एक काळा असावा, म्हणजे घरात संपत्ती येते आणि येणारे संकट काळा मासा स्वतःवर घेतो, ही फेंगशुईच्या नावाने आलेली समजूत महाराष्ट्रातील शहरी घरांत आता चांगलीच रुळली आहे. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. परंतु या सूत्रात माशांची संख्या आणि रंग आधी ठरतात आणि टाकीचे माप, पाण्याचे तापमान व माशांचा स्वभाव यांचा विचार होतच नाही, ही गोष्ट माशांच्या जिवावर बेतणारी असल्याने पाळीव प्राण्यांविषयीच्या या स्तंभात तिची दखल घेणे आवश्यक आहे.

मध्यमवर्गीय घरात सहसा दिसणारी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असते. तिच्यात काठोकाठ सुमारे ५७ लिटर पाणी मावते, आणि तळाची खडी व वर सोडलेली मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्षात ४५ ते ५० लिटरच भरते. आणताना बोटभर दिसणारा गोल्डफिश ओरांडासारख्या फुगीर अंगाच्या जातीचा असेल तर १५ ते २० सेंटिमीटर आणि कॉमेटसारख्या सडपातळ जातीचा असेल तर ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, व नीट सांभाळल्यास दहा-पंधरा वर्षे जगतो. टाकीची रुंदीच ३० सेंटिमीटर असताना पूर्ण वाढलेल्या कॉमेटला त्यात धड वळताही येणार नाही. एका गोल्डफिशला सुमारे ४० लिटर हा जाणकारांचा ढोबळ हिशेब धरला, तरी नऊ माशांना ३६० लिटर पाणी लागते. मासा टाकीच्या मापानेच वाढतो, असे ग्राहकाला सर्रास सांगितले जाते; वास्तविक दूषित व अपुऱ्या पाण्यात त्याची वाढ खुंटते आणि अशा खुरटलेल्या माशाचे आयुष्यही घटते.

पाणी दूषित होते म्हणजे नेमके काय होते, हे समजल्याशिवाय टाकीच्या मापाचे महत्त्व लक्षात येत नाही. मासा आपल्या शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो, आणि हा अमोनिया अत्यल्प प्रमाणातही त्याचे कल्ले जाळतो. फिल्टरच्या स्पंजात व खडीवर वस्ती करणारे जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये, म्हणजे दुसऱ्या एका विषारी द्रव्यात, आणि पुढे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या साखळीला नत्रचक्र म्हणतात आणि नव्या टाकीत ते स्थिरावण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी आणले की पहिल्या पंधरवड्यातच मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, त्यांचे पर अंगाशी मिटतात आणि कल्ले लालभडक दिसतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. मग घरचे लोक दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून स्पंज नळाखाली खळखळून धुतात, त्यात नळाच्या पाण्यातील क्लोरीनने उरलेसुरले जिवाणूही मरतात आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. त्याऐवजी आठवड्याला चौथा हिस्सा पाणी क्लोरीन घालवून बदलावे आणि स्पंज टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात हलकेच पिळावा.

गोल भांड्याविषयी तर दुमत असण्याचे कारणच नाही. तोंडाशी निमुळत्या होणाऱ्या त्या भांड्यात हवेला भिडणारा पाण्याचा पृष्ठभाग अगदी लहान असतो, फिल्टरला जागा नसते, आणि रोम शहराने २००५ मध्ये गोल्डफिशसाठी अशी भांडी वापरण्यास बंदी घातली ती उगाच नव्हे. भारतात केंद्र सरकारने २०१७ मध्ये शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी नियम केले होते, परंतु ते पुढे मागे घेण्यात आले, आणि ही माघार योग्य होती असे म्हणता येत नाही.

माप जुळले तरी सोबत जुळतेच असे नाही. त्या नऊ माशांतील काळा मासा बहुधा ब्लॅक मूर असतो. बाहेर आलेल्या मोठ्या डोळ्यांमुळे त्याला कमी दिसते, तो संथ पोहतो, आणि सोबतचे आठ मासे चपळ कॉमेट असतील तर खाद्य त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच संपते. सफाई करील या आशेने सोडलेला सकर मासा ४० सेंटिमीटरहून मोठा होतो आणि अनेकदा संथ गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्याच्या त्वचेवरील संरक्षक बुळबुळीत थर खरवडतो. गोल्डफिश थंड पाण्याचा, तर एंजल मासा अ‍ॅमेझॉनच्या उबदार पाण्याचा. शिवाय मोठा झालेला एंजल, तोंडात मावतो म्हणून, निऑन टेट्रा गिळून टाकतो. टायगर बार्ब लांब परांचे लचके तोडतो, आणि त्याची संख्या कमी ठेवल्यास हा त्रास वाढतो, कारण सहा-आठांच्या थव्यात त्याची बरीचशी खोडी आपसांतच जिरते.

दोन फुटी टाकीतही उत्तम संसार होऊ शकतो, मात्र तो छोट्या माशांचा. याच उपखंडातील झेब्रा डॅनिओ जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा होतो आणि सात-आठांच्या थव्याने पाण्याच्या वरच्या थरात सतत खेळत राहतो. ईशान्य भारत व बांगलादेशातील शांत स्वभावाच्या हनी गुरामीची एक जोडी त्यांच्या सोबतीला ठेवावी. दोन्ही मासे आपल्याकडच्या बहुतेक ऋतूंत हीटरशिवाय राहतात. विदर्भातील उन्हाळ्यात मात्र एअर पंप बंद पडू देऊ नये, कारण पाणी तापते तसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो.

आवाक्याबाहेर वाढलेले मासे अखेर नदीत किंवा तलावात सोडले जातात, आणि भीमेवरील उजनी जलाशयात मासेमारांच्या जाळ्यांत सापडणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा आहे. तेव्हा दुकानात कोणताही मासा निवडताना तो पूर्ण वाढल्यावर किती मोठा होतो आणि कोणासोबत राहू शकतो, हे दोन प्रश्न वाचकांनी अवश्य विचारावेत, आणि विक्रेत्याला उत्तर देता आले नाही तर तो मासा तेथेच राहू द्यावा.