मैदान वर्षभर उघडे राहू द्या

गेल्या पंधरवड्यात आमच्या गावच्या क्रीडा मंडळाचे दिवसरात्र कबड्डी सामने थाटात पार पडले. दिवाळीनंतरच्या मंडया आटोपल्या, धान चुरून झाले, की आपल्या भंडारा जिल्ह्यात गावोगावी अशा सामन्यांना रंग चढतो. समारोपाच्या दिवशी रक्तदान शिबीर झाले, महिलांची रांगोळी स्पर्धा झाली, जुन्या खेळाडूंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मीही मंडळाचा जुना सभासद. तेव्हा कार्यकर्त्यांचे मनापासून अभिनंदन. पण डॉक्टर म्हणून माझी एक तक्रार आहे, आणि ती घरचीच असल्यामुळे स्पष्ट बोलतो.

सामने संपल्यावर तिसऱ्या दिवशी सायंकाळी मी मैदानावरून चक्कर मारली. मांडव निघाला होता, चुन्याच्या रेषा पुसट झाल्या होत्या आणि मैदानावर चिटपाखरू नव्हते. आता पुढच्या सामन्यांपर्यंत तेथे फार तर शाळकरी पोरे क्रिकेट खेळतील. बाकी गावाचा मैदानाशी संबंध संपला.

याचे काय होते ते माझ्या एका मित्राच्या उदाहरणावरून सांगतो. आम्ही एकाच संघात खेळलो. चढाईला निघाला की समोरचे सात जण मागे सरत, असा त्याचा दरारा. अठ्ठाविसाव्या वर्षी लग्न झाले, धंद्याचा व्याप वाढला आणि खेळ सुटला. जेवण मात्र खेळाडूचेच राहिले. तीन वर्षांपूर्वी याच समारोपाला आम्ही त्याला सन्मानाने व्यासपीठावर बसवले. रक्तदान शिबिरातले रक्तदाब मोजण्याचे यंत्र त्याच्या खुर्चीपासून वीस पावलांवर होते. शिबिराची वैद्यकीय बाजू माझ्याकडेच होती. त्याच्या गळ्यात हार घालायला मी गेलो, पण दंडाला पट्टा बांधायचे मला सुचले नाही. दोन महिन्यांनी त्याला लकवा मारला. दवाखान्यात नेले तेव्हा दाब 210 वर होता. वय 49. खेळ चालू असता तर हे टळलेच असते, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण वाढलेला दाब आधी सापडला असता, एवढे नक्की.

वाचकहो, उच्च रक्तदाब आणि मधुमेह बरेचदा वर्षानुवर्षे काहीच त्रास देत नाहीत, म्हणूनच ते घातक. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2024 साली मांडलेल्या अंदाजाप्रमाणे आपल्याकडील निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत, आणि यात स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून जास्त आहे.

“आम्ही शेतीवाले, आम्हाले कायचा व्यायाम जी?” असे पुष्कळ जण विचारतात. रोवणीच्या दिवसांत कंबर मोडेपर्यंत काम होते हे खरे. पण आता चिखलणीला ट्रॅक्टर आहे, कापणी-मळणीला यंत्र आहे, बाजारात जायला मोटारसायकल आहे. कष्ट कमी झाले ते चांगलेच झाले, पण ताटातला भाताचा ढीग तेवढाच राहिला. स्नायू हलतात तेव्हा ते रक्तातील साखर ओढून वापरतात, आणि हा परिणाम साधारण एक दिवस टिकतो. म्हणून वर्षातून चार दिवसांचा जोर कामाचा नाही, रोजचा अर्धा तास कामाचा. आठवड्यातून 150 मिनिटे दमदार चालणे, हे मोठ्या माणसांसाठी किमान माप सांगितले आहे.

आपल्या विदर्भाला हे नवीन नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली आखाडा म्हणून सुरू झाले. त्याच मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांना दाखवली. ही करामत वर्षातून एकदा मांडव घालून येत नसते. तिच्यामागे रोज मातीत उतरण्याची सवय असते. अगदी अलीकडे, जानेवारी 2025 मध्ये, दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या दोन्ही संघांनी ती जिंकली. पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. आपल्या मुली विश्वचषक आणतात, मग त्यांच्या आयांना गावच्या मैदानावर फक्त रांगोळीपुरतीच जागा का असावी?

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीला माझ्या चार सूचना आहेत:

1. मैदानाच्या कडेने चालण्याची पट्टी आखावी. सकाळ-सायंकाळ एक तास ती चाळिशीपुढच्या मंडळींसाठी राखून ठेवावी.

2. महिलांसाठी वेगळी वेळ ठरवावी. उजेडाची आणि स्वच्छतागृहाची सोय आधी करावी. नाहीतर वेळ ठरवूनही कोणी येणार नाही.

3. महिन्यातून एकदा मैदानावरच रक्तदाब व साखर तपासावी. शाल-श्रीफळाच्या खर्चात यंत्र येते. तपासण्याचे काम मी विनामूल्य करीन.

4. सामन्यांच्या वेळी पिण्याचे पाणी, प्रथमोपचार पेटी आणि रुग्णवाहिकेचा 108 क्रमांक ठळकपणे लावलेला असावा.

खेळणाऱ्यांनीही थोडे पथ्य पाळावे. खूप वर्षांनी सुरुवात करीत असाल तर आधी तपासणी करून घ्या, आणि दहा मिनिटांच्या चालण्यापासून सुरुवात करा. पहिल्याच दिवशी जुनी चढाई आठवू नका. छातीत दडपण आले, हात किंवा जबडा दुखू लागला, दरदरून घाम सुटला तर तेथेच थांबा आणि दवाखाना गाठा. “गॅस असेल” म्हणून घरी जाऊन पडू नका. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण व वाहक बरेच आहेत. तरुण खेळाडूंनी ही रक्तचाचणी एकदा करून घ्यावी. ज्यांना हा आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खेळावे, भरपूर पाणी प्यावे आणि अंग मोडून येईपर्यंत दमू नये. वाहकांना खेळायला मनाई नाही, पण त्यांनीही उन्हात, तहानलेल्या पोटी जोर करू नये. मार्चनंतर तर दुपारचे सामने ठेवूच नयेत. आपल्याकडचे ऊन कोणाची गय करीत नाही.

माझा मित्र आता काठी टेकत चालतो. डावा हात अजून साथ देत नाही. यंदाही त्याला समारोपाचे निमंत्रण द्यायला मी गेलो होतो. तो म्हणाला, “डॉक्टर, औंदा मले खुर्ची नको देऊ गा. मैदानाले एक चक्कर माराले सोबत ये.”

आम्ही रोज सायंकाळी साडेपाचला मैदानावर असतो. सध्या दोघेच आहोत. मंडळाने मनावर घेतले तर दोनाचे दोनशे व्हायला वेळ लागणार नाही.