सिनेमा भुताचा, पण पाच मिनिटांचा

दिवाळीची सुट्टी लागली की नववी-दहावीतली चार पोरं जमतात आणि ठरतं, हॉरर फिल्म काढायची. कॅमेरा खिशातच असतो, भूत व्हायला कुणीतरी एका पायावर तयार असतं आणि नाव तर गोष्टीच्या आधी सुचलेलं असतं. सुट्टी संपते तेव्हा फोनमध्ये नुसत्या पळापळीच्या क्लिपा उरतात आणि निम्म्यांत कॅमेरा धरणाराच फिदीफिदी हसत असतो. मुलांनो, तुम्हाला आणि तुमच्या आईवडिलांनाही माझं सांगणं एवढंच आहे: सिनेमा पाच मिनिटांचा करा, पण पुरा करा.

मोठा सिनेमा पोरांना जमतच नाही असं नाही. अमेरिकेत ऑस्टिनच्या एमिली हेगिन्सने बाराव्या वर्षी ‘पॅथोजेन’ हा झॉम्बीपट हाती घेतला आणि 2006 मध्ये तो पुरा केला. पण त्यात शाळेच्या किती सुट्ट्या गेल्या, आणि माइकची काठी धरून तिची आई उभी राहिली! अशी आई सगळ्यांनाच कुठून मिळणार? मग दिग्दर्शक सॅम रायमीचा रस्ता बरा. हा आणि ब्रूस कॅम्पबेल शाळेपासूनचे दोस्त. सुपर-8 कॅमेऱ्यावर छोटे छोटे सिनेमे करत हात बसवलेला. 1978 मध्ये त्यांनी ‘विदिन द वूड्स’ हा अर्ध्या तासाचा भयपट केला, तो दाखवून लोकांकडून पैसे गोळा केले आणि 1981 मध्ये ‘द इव्हिल डेड’ आला. आधी लहान, मग मोठा.

त्यांचं रक्त मक्याच्या पाकाचं होतं. आपल्याला साखरेचा घट्ट पाक, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी पुरते. कॉफी विसरू नका, नाहीतर खून रूहअफजाने झाल्यासारखा दिसतो. डाग मात्र जात नाहीत, तेव्हा आईची चांगली चादर लांब ठेवा.

खरं तर रक्त कमीच लागतं. ‘जॉज’ सिनेमाच्या वेळी यांत्रिक शार्क समुद्रात सारखा बिघडत होता, म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गने तो फार दाखवलाच नाही, आणि 1975 साली लोक पाण्यात उतरायला घाबरले. तुमचं भूतही अर्ध्या उघड्या दाराआडच राहू द्या. पावडर फासलेला मित्र पूर्ण दिसला की प्रेक्षक हसणारच.

भीती खरी बसते ती आवाजाने, आणि पोरं नेमकी तिथेच गडबडतात. पंखा बंद करा. दुसरा फोन बोलणाऱ्याच्या शर्टाच्या खिशात ठेवून आवाज वेगळा घ्या. हाड मोडायचं असेल तर माइकजवळ मुळा कडकन मोडा, काम झालं. शूटिंग मध्यरात्री नको, तिन्हीसांजेला करा. काळोखात फोनचं चित्र दाणेदार होतं, आणि घरी बोलणी बसतात ती वेगळीच. शिवाय सगळं एक-दोन दिवसांत उरका. शाळा सुरू झाल्यावर सरांच्या धाकाने हिरोने केस कापले, की पुढच्या शॉटमध्ये तो दुसराच कुणी वाटतो.

आता थोडं कडक. विहिरीचा काठ, रेल्वेचे रूळ, बिनकठड्याची गच्ची, पडका वाडा इथे शूटिंग नाही म्हणजे नाही. चाकू पुठ्ठ्याचा हवा. मुखवटा घालून रस्त्यावरच्या माणसाला दचकवायचं नाही. म्हातारं माणूस पडलं तर काय करणार? सोसायटीत वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवा.

आणि गल्लीत एकट्या राहणाऱ्या आजींच्या घराकडे बोट दाखवून चेटकीण रंगवू नका. अशा संशयापायी आपल्याकडे बायकांचे हाल झालेत. 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्राने उगाच नाही केला. भूत तुमच्या डोक्यातून काढा, शेजारणीच्या अंगावर घालू नका.

पालकांनो, “दहावी तोंडावर आहे” हे वाक्य दोन दिवस गिळा. एक खोली द्या, वेळ ठरवून द्या आणि मधून मधून डोकावत राहा. शाळेतल्या बाईंनी गॅदरिंगमध्ये पाच मिनिटं दिली तर पोरं फिल्म नक्की पुरी करतील, कारण तारीख ठरल्याशिवाय एडिटिंगला कुणी बसत नाही.

शेवटचं काम शूटिंगच्याच रात्री करायचं: सगळ्या क्लिपा दुसऱ्या फोनवर किंवा लॅपटॉपवर उतरवून घ्या. फोन बाबांचा असेल तर आधीच घ्या. जागा भरली म्हणून ते गुड मॉर्निंगचे फोटो उडवायला बसतील आणि त्यांच्याबरोबर तुमचं भूतही जाईल.