वर्तमानपत्रांनीं कौल केव्हां द्यावा?

निवडणूक आली म्हणजे कोल्हापुरांत घरोघरीं वर्तमानपत्रावरून वाद रंगतात. संपादकानें अमुक पक्षास मत द्या असें सांगावें कीं नाहीं? आम्हांस वाटतें, खुशाल सांगावें. मात्र वेळेवर सांगावें.

आजोबांच्या पिढीस 'मराठा' आठवत असेल. आचार्य अत्रे ह्यांनीं तें दैनिक १५ नोव्हेंबर १९५६ रोजीं काढलें आणि आरंभापासून संयुक्त महाराष्ट्र समितीची बाजू उघडपणें घेतली. सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली ती १९५७ च्या फेब्रुवारीअखेर. अत्र्यांची लेखणी तिखट, पुष्कळदां मर्यादा सोडणारी. शिवाय ते स्वतः समितीचे उमेदवार. तरीहि त्यांत फसवणूक नव्हती. पत्र कोणाचें हें वाचकास ठाऊक होतें, आणि प्रतिपक्षास उत्तर देण्यास सुमारें तीन महिने मिळाले. त्या निवडणुकींत कोल्हापुरांतून शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागांवकर लोकसभेवर गेले. त्याचें श्रेय एका पत्रास देणें मात्र भोळेपणाचें होईल. चळवळ गांवोगांव पोहोंचलेलीच होती.

ह्याच्या उलट अमेरिकेंतील 'वॉशिंग्टन पोस्ट'. अध्यक्षपदासाठीं कोणासहि पाठिंबा देणार नाहीं, असें त्या पत्रानें २५ ऑक्टोबर २०२४ रोजीं जाहीर केलें. मतदानास अवघे अकरा दिवस उरले होते. अडीच लाखांवर वर्गणीदारांनीं पत्र सोडल्याचें वृत्त आलें. हा बदल पूर्वींच व्हावयास हवा होता, असें पुढें मालक जेफ बेझोस ह्यांनींच लिहिलें. मौन धरण्यांत दोष नाहीं. वर्षभर आधीं धरलें असतें तर कोणी शंका घेतली नसती.

आपल्याकडील अडचण निराळी आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचें १२६ वें कलम मतदान संपण्यापूर्वींचे ४८ तास सभा आणि दूरचित्रवाणीवरील प्रचार बंद ठेवतें. छापील पत्र त्यांत येत नाहीं. म्हणजे उमेदवाराचा ध्वनिक्षेपक मुका, आणि संपादक मात्र मतदानाच्या सकाळींहि बोलूं शकतो! उत्तर देण्याची सोय नसलेल्या माणसाशीं वाद घालणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. उमेदवारी मागें घेण्याची मुदत संपल्यावर मतदानास निदान चौदा दिवस असतात. कौल त्यांतील पहिल्या आठवड्यांत द्यावा. मागाहून एखाद्या उमेदवाराचें गैरकृत्य उघडकीस आल्यास? तें अवश्य छापावें. पण वृत्त म्हणून, पुराव्यासह.

वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी लवकरच अठरा वर्षांचे होतील. येत्या निवडणुकींत त्यांनीं घरीं येणाऱ्या पत्राचे शेवटचे दोन अंक जपून ठेवावे, आणि निकालानंतर आईवडिलांसह पुन्हां वाचून पाहावे.