वाचा गेली तरी विचार जात नाही



आपल्या शेजारपाजारी एखादे मूल बोलत नसले, पेन्सिल धरू शकत नसले, की लोक पटकन म्हणतात, "त्याला काही कळत नाही." मग त्याच्यासमोरच त्याच्याविषयी वाटेल ते बोलले जाते. ते बिचारे सारे ऐकत असते. आईला त्याच्या डोळ्यांवरून कळते; पण आई कामावर गेली की त्याचे कोणाला कळणार?

सेरेब्रल पाल्सीत तोंडाच्या व हाताच्या स्नायूंवर ताबा राहत नाही. म्हणून बुद्धी नाही, असे समजणे चूक आहे.

इंग्लंडचे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचे उदाहरण घ्या. स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने त्यांचे शरीर हळूहळू लुळे पडले. 1985 साली न्यूमोनिया झाला, जीव वाचवण्यासाठी श्वासनलिकेची शस्त्रक्रिया करावी लागली आणि उरलासुरला आवाजही गेला. सुरुवातीला समोरचा माणूस तक्त्यावरील एकेका अक्षरावर बोट ठेवी आणि योग्य अक्षर येताच हॉकिंग भुवई उंचावीत. पुढे संगणक आला. पडद्यावर अक्षरे व शब्द एकामागून एक उजळत. हवा तो शब्द आला की ते हातातले बटण दाबीत. वाक्य पूर्ण झाले की यंत्र ते मोठ्याने बोले. हातही थकला तेव्हा गालाच्या हालचालीवर काम चालले. याच साधनाने त्यांनी आपले जगप्रसिद्ध पुस्तक पुरे केले. ते 1988 साली प्रसिद्ध झाले. 2018 साली निधन होईपर्यंत ते असेच बोलत राहिले.

अशी साधने आज फक्त मोठ्यांसाठी राहिलेली नाहीत. मुंबईच्या आय.आय.टी.ने 'जेलो' नावाचे मोफत ॲप तयार केले आहे. ते मराठीतही आहे. मुलाने चित्रावर बोट ठेवले की मोबाइल बोलतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही बोलण्याच्या अशा पर्यायी मार्गांना संवाद म्हणून मान्यता दिली आहे. शाळेत हे ठामपणे सांगावे.

"यंत्राची सवय लागली तर मूल बोलायचेच नाही," अशी भीती काहींना वाटते. ती खरी नाही. आपले म्हणणे दुसऱ्याला कळते, हा अनुभव आला की मुलाचा हुरूप वाढतो.

मोबाइल नसेल तर पुठ्ठ्यावर पाणी, जेवण, शू, दुखते, आई अशी चित्रे चिकटवा. 'हो' आणि 'नाही' विसरू नका. मूल बोटाने, नजरेने, जसे जमेल तसे दाखवील. प्रश्न विचारल्यावर घाई करू नका. उत्तराची वाट पाहा. जवळच्या सरकारी रुग्णालयात वाचा-उपचार तज्ज्ञ असल्यास मुलाला जरूर दाखवा.

आणि एक करा. 'नाही' म्हणण्याचाही त्याला हक्क आहे. त्याने 'नाही' दाखवले, तर ते ऐका.