इसार देण्याआधी इंजिनिअर बोलवा

जुळे सोलापुरात घर घेणारा माणूस किती जणांना पैसे देतो, ते एकदा मोजा. एजंटाला दलाली, वकिलाला सर्च रिपोर्टचे, बँकेला प्रोसेसिंग फी, सरकारला मुद्रांक शुल्क. कुणी वास्तुतज्ज्ञ बोलावतो, कुणी कुरआनखानी ठेवतो. पाया, भिंत, स्लॅब पाहायला सिव्हिल इंजिनिअर मात्र जवळजवळ कुणीच बोलवत नाही.

"बँकेने पाहिलंय की!" हे ठरलेलं उत्तर. बँकेचा मूल्यांकनकार येतो, तो कर्ज बुडालं तर घरातून किती वसूल होईल हे पाहायला. फी तुमच्या खिशातून जाते, पण माणूस बँकेचा. न्हाणीघराच्या भिंतीतली ओल हा त्याचा प्रश्नच नाही.

"बिल्डर ओळखीचा, आपल्या समाजातला आहे," हे दुसरं. काळ्या मातीला समाज कळत नाही. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया तिच्याखाली पक्क्या थरापर्यंत नेला नसेल तर घर तिच्याबरोबर हलतं. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग बहुधा तेच सांगत असते. प्लास्टरवरची केसाएवढी रेघ वेगळी, ही वेगळी. पण दोन्ही एकाच पुट्टीखाली झाकल्या जातात. विकायला काढलेल्या जुन्या घराला ताजा रंग दिसला की लोक खूश होतात. मला तिथेच शंका येते.

"नवीन बांधकाम आहे," असंही म्हणतात. 24 ऑगस्ट 2020 ला महाडची तारिक गार्डन इमारत कोसळली, 16 माणसं गेली. ती काही पडका वाडा नव्हती.

आणि रेरा? आहे ना. ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला, तर बिल्डरने 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. पण जुनं घर घेताना समोर बिल्डर नसतो, घरमालक असतो. आणि 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या किंवा आठपर्यंत घरांच्या प्रकल्पाला रेरा नोंदणीच लागत नाही. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा विकणाऱ्याला माहीत असलेला दोष सांगायला लावतो, पण कोणता? जो घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसला नसता तो. समोरची भेग तुम्ही पाहिलीच नाही, तर कायदा तुमची बाजू का घेईल?

तेव्हा इंजिनिअर तुम्ही निवडा, एजंटाने सुचवलेला नको. गच्चीचा उतार, फरशी ठोकून येणारा पोकळ आवाज, अर्थिंग, खांबांजवळची ओल, सगळं लेखी घ्या. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या या गावात जमिनीखालच्या टाकीची गळतीही बघा. वापर परवाना मागा. तपासणीत मोठा दोष निघाला तर पैसे परत, हे इसारपावतीतच लिहून घ्या.

विकणारा म्हणेल, "आमच्यावर विश्वास नाही का?" त्याला विचारा, मग चेक न घेता माझ्या शब्दावर खरेदीखत करून देता का?