आईची बादली आणि 'लाकडी' फरशी

बडोद्याची थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी. पण तेवढ्यातही आमच्या वरच्या खोलीतली जुनी मोझेक फरशी अशी गार पडते, की सकाळी आईचे गुडघे ऐकतच नाहीत. फरशी बदलायची तर तोडफोड, धूळ आणि आईला दमा. म्हणून मागच्या डिसेंबरात तिथे लॅमिनेट बसवलं.

दिसतं सागवान, पण ते सागवान नव्हे. एका फळीत चार थर असतात. वर मेलामाइन रेझिन आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पारदर्शक थर, ओरखडे अडवणारा. त्याखाली लाकडाचं चित्र छापलेला कागद. मग एचडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू रेझिन घालून दाबून केलेला घट्ट गाभा. तळाला फळी वाकू नये म्हणून आणखी एक थर. ही युक्ती १९७७ सालची, स्वीडनच्या पेरस्टॉर्प कंपनीची.

बसवणंही सोपं. जुन्या सपाट फरशीवर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर दोन-तीन मिलिमीटरचा फोम, आणि वर फळ्या एकमेकींत खटकन अडकवायच्या. जमिनीला काही चिकटवायचं नाही. हवेतल्या ओलाव्याने फळ्या किंचित पसरतात, म्हणून भिंतीच्या कडेने साधारण १० मिलिमीटर फट सोडतात. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. एका दिवसात खोली तयार. दार तेवढं खालून तासावं लागलं.

पायाला गारठा लागेना. आई खूश.

मग पाडवा आला आणि आईने दरवर्षीसारखी बादलीभर पाणी ओतून खोली धुतली. चार दिवसांत खिडकीजवळचे सांधे फुगले. गाभा शेवटी लाकडाचाच. पाणी सांध्यातून आत शिरलं की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही. मी आवाज चढवला. आई शांतपणे म्हणाली, "अरे, धुवायची नाही हे मला सांगितलं होतंस का?"

नव्हतं सांगितलं. जाडी, रेटिंग, वॉरंटी यांचा तक्ता मी एक्सेलमध्ये केला होता. रोज ती खोली पुसणाऱ्या माणसाला मात्र एक प्रश्न विचारला नव्हता. वापरणाऱ्याला न विचारता केलेलं काम परत येतं, हे सॉफ्टवेअरवाल्याला तरी कळायला हवं होतं.

नशिबाने जास्तीच्या फळ्या ठेवल्या होत्या. खिडकीकडच्या भिंतीपासून सोडवत जाऊन चार बदलल्या.

तुम्ही करणार असाल तर बेडरूमला ८ मिलिमीटर जाडी आणि एसी-३ रेटिंग पुरतं. स्वयंपाकघर, न्हाणीघराचा उंबरा इथे नको. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांनी तळमजल्यावर विचारही करू नये. सांडलेलं लगेच टिपा, फडकं घट्ट पिळून पुसा. वरचा थर झिजला की घासून पॉलिश करता येत नाही. फळीच बदलावी लागते. म्हणून थोड्या फळ्या राखून ठेवा.

खाली हॉल आणि स्वयंपाकघरात मोझेकच आहे, तिथे आईच्या बादलीचं राज्य अबाधित. वरचं फडकं घट्ट पिळायला तिच्या बोटांत आता जोर नाही. ते काम माझ्याकडे आलंय.