आधी गट, मग ओळख

पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दादरा-नगर हवेलीत दादरा मुक्त झालं २२ जुलै १९५४ रोजी, नरोली २८ जुलैला आणि सिल्वासा २ ऑगस्टला. आज मागे वळून पाहताना या तारखा एकाच मोहिमेच्या तीन पायऱ्या वाटतात. प्रत्यक्षात मोहीम एक नव्हती. दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावर रात्री चालून गेले ते फ्रान्सिस मस्कारेन्हस, वामन देसाई आणि त्यांचे युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सचे साथीदार. फौजदार आनिसेतो रोझारियो तिथेच मारला गेला. नरोलीत आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक होते. सिल्वाशात त्यांच्याबरोबर पुण्याहून आलेले राजा वाकणकर, नाना काजरेकर होते. याच कामात सुधीर फडके होते आणि पैसा उभा राहावा म्हणून पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रमही झाला होता. कम्युनिस्ट आपल्या वाटेने येत होते. पलीकडे डहाणू-तलासरी-उंबरगावात १९४५ पासून गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी वारली आदिवासी संघटित केले होते, त्यामुळे मुंबई सरकारला कम्युनिस्टांची धास्ती पोर्तुगीजांपेक्षा कमी नसावी.

प्रशासक कॅप्टन फिदाल्गो सिल्वासा सोडून खानवेलच्या दिशेने निघून गेला आणि ११ ऑगस्टला उदव्याला शरण आला. तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. शत्रू एक, ध्येय एक, प्रदेश जेमतेम पाचशे चौरस किलोमीटरचा. तरी गट वेगळे राहिले आणि श्रेयाचे दावेही वेगळे झाले. ध्येय एक असलं की माणसं आपोआप एकत्र येतात, ही आपल्या सार्वजनिक जीवनातली लाडकी समजूत आहे. दादऱ्याचा इतिहास तिला दुजोरा देत नाही.

योगायोग असा की त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ हा मानसशास्त्रज्ञ याच प्रश्नाशी झुंजत होता. रॉबर्स केव्ह नावाच्या उद्यानात त्याने अकरा-बारा वर्षांची बावीस मुलं दोन तुकड्यांत ठेवली. तुकड्यांना एकमेकींचा पत्ताही नव्हता. मग त्यांच्यात बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाड घालणं सुरू झालं. पुढे शिबिराचं पाणी बंद पडलं, म्हणजे मुद्दाम पाडलं, आणि दोन्ही तुकड्यांना मिळून खटपट करावी लागली तेव्हा वैर निवळत गेलं. पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग इथेच संपतो.

त्याच्या आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, न्यूयॉर्क राज्यात शेरीफने असाच प्रयोग केला होता आणि तो फसला होता. तिथे मुलं आधी एकत्र राहिली, त्यांची दोस्ती झाली, आणि मग त्यांना दोन गटांत विभागलं. कितीही चिथावलं तरी ती एकमेकांवर उलटेनात. शेवटी प्रयोग गुंडाळावा लागला. माझ्या मते हा फसलेला प्रयोगच जास्त शिकवतो. गट असणं हा दोष नाही. ओळखीच्या आधी गट झाला की पुढच्या भांडणाची तयारी तिथेच झालेली असते.

१९५४ च्या गटांना हे टाळता आलं असतं का? बहुधा नाही. गुप्त कामात माणूस पारखायला वेळ नसतो, आधीपासून विश्वास आहे त्यांनाच हाताशी धरावं लागतं. कुणी शाखेतले, कुणी पक्षातले, कुणी मुंबईतल्या गोवेकरांच्या वर्तुळातले. त्यात त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. पण अशा गटांत एक जागा कायम रिकामी राहते, ती जिथे लढा चालला तिथल्या माणसाची. वारली, धोडिया, कोकणा हे इथले बहुसंख्य लोक, आणि मुक्तीच्या कथांत नावं मात्र मुंबई, पुणे आणि गोव्याची. वारल्यांना बरोबर घेऊन आले ते कम्युनिस्ट, आणि तेच बाकीच्यांना नकोसे होते.

पुढची सात वर्षं कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला. अप्पासाहेब करमळकर पहिले प्रशासक झाले. कालपर्यंत चढाओढ करणाऱ्यांना एका टेबलाशी बसावं लागलं, कारण पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला होता. १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला: खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना भारतातून वाट मिळण्याचा पोर्तुगालचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांना नव्हता, आणि १९५४ मध्ये भारताने आपलं कर्तव्य मोडलं नाही. ११ ऑगस्ट १९६१ ला दहाव्या घटनादुरुस्तीने प्रदेश भारतात विलीन झाला. विलीनीकरणाच्या करारावर सही करण्यापुरते के. जी. बदलानी हे सनदी अधिकारी इथले पंतप्रधान झाले होते, ही गोष्ट सिल्वाशात अजून कौतुकाने सांगतात.

कौतुकाने सांगितली जात नाही ती दुसरी गोष्ट. पोर्तुगीज आमदानीतल्या अल्वारा आणि तेरम या जमीनधारणा पद्धतींचा निकाल लावणारा जमीन सुधारणा विनियम आला १९७१ मध्ये, म्हणजे मुक्तीनंतर सतरा वर्षांनी. जो गट बाहेरच्या शत्रूमुळे एकत्र टिकतो, तो आतला प्रश्न पुढे ढकलतो. आधी बाहेरचं निस्तरू द्या, मग घरातलं बघू, असं म्हणता म्हणता घरातल्या माणसाची पिढी सरते.

हे आज सांगायचं कारण दादऱ्याच्या आणि सिल्वाशाच्या रस्त्यांवर दिसतं. १९६१ च्या जनगणनेत या प्रदेशात ५७,९६३ माणसं होती, २०११ मध्ये ३,४३,७०९. तोवर आदिवासी निम्म्याहून थोडे जास्त उरले होते. बाकीच्यांतले बहुतेक कारखान्यांमागून आले आणि एकेकटे आले नाहीत. गावचा मुकादम बोलावतो, तोच खोली दाखवतो, खोलीत सहाजण असतात ते त्याच तालुक्यातले, आजारपणात उसने देतात तेही तेच. नवख्या माणसाला हा मोठा आधार आहे आणि त्याला नावं ठेवणं सोपं असलं तरी अन्यायाचं आहे. मात्र त्याची शहराशी ओळख होण्याआधीच तो एका गटाचा झालेला असतो. मग ओडिया वस्ती, बिहारी वस्ती, गुजराती सोसायटी, मराठी मंडळ. प्रत्येकाचं पावतीपुस्तक वेगळं, उत्सव वेगळा.

एरवी यात काही बिघडत नाही. बिघडतं ते पाण्याच्या टँकरवरून, स्पीकरच्या आवाजावरून, विसर्जनाच्या रांगेवरून. अशा वेळी दोन्ही बाजूंना ओळखणारा, दोन शब्द सुनावू शकणारा माणूस लागतो. तो नसला की क्षुल्लक तक्रार थेट पोलीस चौकीत जाते आणि तिथून परतते ती दोन माणसांची न राहता दोन वस्त्यांची होऊन. इथे विधानसभा नाही. २०२० मध्ये दमण-दीवशी विलीनीकरण झाल्यावर हा प्रदेश मोठ्या केंद्रशासित प्रदेशाचा एक जिल्हा झाला. वेगवेगळ्या गटांना नाइलाजाने का होईना एकत्र बसवणाऱ्या जागा आधीच थोड्या, त्यामुळे मंडळं, सोसायट्या आणि पंचायतींवरचा भार इतर शहरांपेक्षा जास्त आहे.

मराठी मंडळांना यातून सूट नाही. आपण मुक्तिलढ्याचे वारस, ही भावना आपल्याकडे बळकट आहे आणि तिच्या जोरावर मंडळात दुसऱ्याला पाहुणा म्हणून बोलावलं जातं, सभासद म्हणून नव्हे. यंदाच्या गणेशोत्सवाची पहिली बैठक बोलावताना निरोप कोणकोणत्या वस्तीत गेला ते तपासा. खानवेलच्या बाजूचा एकही वारली आणि शेजारच्या चाळीतला एकही ओडिया त्या यादीत नसेल, तर बैठक चार दिवस पुढे ढकला आणि निरोप पुन्हा पाठवा.